भागीबाई येईपर्यंत

हरसूलकडच्या त्या पाड्यावर कुसाबाईशी वाद घालायला सहसा कोणी धजावत नाही. आठवडेबाजारात मिरची घेतानाही ती विकणाऱ्याला घाम फोडते. त्यामुळे नव्या वीजवाहिनीचा टॉवर तिच्या राबाच्या तुकड्यावर येणार म्हटल्यावर ग्रामसभेत काय होणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

हिवाळ्यात तो तुकडा उघडाबोडका असतो. पण उन्हाळ्यात कुसाबाई तिथे पालापाचोळा आणि शेण पसरून जाळते, त्या भाजलेल्या मातीत भाताची रोपं वाढवते आणि मग ती सगळ्या शेतात लावते. विजेच्या तारांखाली जाळ करू देत नाहीत. राब गेला की भात गेला.

हे तिने सभेत ठणकावून सांगितलं. वीजवाहिनीचे साहेब भले होते. त्यांनी नीट ऐकून घेतलं, नकाशा पसरला आणि टॉवर बांधापलीकडे सरकवता येईल म्हणाले. गावाची हरकत नसेल तर आजच ठराव करा, असंही त्यांनी सांगितलं. सरपंच मनोजने लगेच हात वर करायला सांगितलं. काम फत्ते झाल्यातच जमा होतं.

फक्त बांधापलीकडची जमीन भागीबाईची होती, आणि भागीबाई दिंडोरीकडे द्राक्षाच्या कामाला गेलेली. निम्मा पाडा तिकडेच होता. अशा दिवसांत ग्रामसभा घ्यायचं कोणाच्या डोक्यातून निघालं, देव जाणे.

कुसाबाईचा हात काही वर जाईना. जीव भातात अडकला होता, तरी ती म्हणाली, "भागी नाय इथं. ती आल्याबिगर ठराव नाय."

तोवर साहेबांचं मन फिरलं तर, असं मनोजने विचारलं.

"फिरू दे."

शिमग्याला माणसं परतली आणि सभा पुन्हा भरली. भागीबाईने सगळं ऐकलं आणि आपली जमीन द्यायला साफ नकार दिला. तिचं तरी काय चुकलं? तिसरी जागा निघेना. शेवटी बहुमताने टॉवर मूळ जागीच राहिला. कुसाबाईला रडू कोसळलं, आणि तिने ते लपवलंही नाही.

भागीबाई तिच्या शेजारी येऊन बसली. "जमीन नाय देनार मी," ती म्हणाली. "पर राब माझा मोठा हाय, तारांपासून लांब बी हाय. यंदापासून तुझं भात माझ्या राबात पेर."

कुसाबाईने पदराने डोळे पुसले, आणि त्या राबातला वरचा कोपरा आपला, हे तिथल्या तिथे बजावून टाकलं.