जनावर

आमच्या कोकणात तिन्हीसांजेनंतर सापाला साप म्हणत नाहीत, जनावर म्हणतात. नाव घेतलं की येतो म्हणे. बाबांची सगळी उमर मुंबईत गेली, आधी गिरणी, ती बंद पडल्यावर मरोळला वॉचमनगिरी, तरी दिंडोशीच्या तिसऱ्या मजल्यावरही त्यांच्या तोंडी जनावरच. आता इथे साप येणार कुठून? लिफ्टसुद्धा नाही.

सहा वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली, नुसतं अं अं उरलं. मी मालाडच्या एका ऑफिसात व्हिडिओ गेम तपासते. पात्र कुठे भिंतीत अडकतं, आवाज कुठे मागे राहतो, असल्या चुका शोधायच्या. ते काम मी घरून करायला लागले. घर म्हणजे एक खोली आणि टीव्ही त्यांच्या पलंगासमोर, त्यामुळे मी खेळायचे ते सगळं त्यांना बघावंच लागायचं.

कामाव्यतिरिक्त मी एक गाजलेली गेममालिका स्वतःसाठी खेळत होते. तिच्यात उत्तरेकडच्या थंड देशांच्या पुराणातला समुद्रसर्प आहे. पुराणात तो अख्ख्या पृथ्वीला वेढा घालून, स्वतःची शेपटी तोंडात धरून पडलेला असतो. गेमवाल्यांनी त्याला एका तळ्यात आणून ठेवलाय. डोंगराएवढं डोकं, पण स्वभावाने गरीब. घशातून, सावकाश, कसल्या तरी जुन्या भाषेत बोलतो, आणि ती भाषा तिथे एकालाच कळते. तो पाण्यातून वर आला आणि पलंगावरून स्पष्ट आवाज आला, "जनावर."

मी कंट्रोलर टाकला आणि भोकाड पसरलं. लाज कसली त्यात!

पुढे त्यांचे आठ-दहा शब्द परत आले, तेही अर्धेमुर्धे, आणि स चा ह व्हायचा. 'मी' मात्र आला नाही, त्याच्या जागी जनावर बसलं. जनावर पाणी, म्हणजे मला पाणी दे. जनावर ओलं, म्हणजे कपडे बदल. डॉक्टरसुद्धा माझ्याकडे बघायचे, काय म्हणतायत हे? आधी मला त्याचा केवढा अभिमान. मग वैताग आला. ऑफिसातली पुण्याची बढती गेली, मैत्रिणी गेल्या, दात दुखला तरी दवाखान्यात जायची चोरी. अर्धा तास बाहेर पडले की शेजारणीचा फोन, अगं ते काहीतरी मागतायत, मला कळत नाहीये. मी त्या खोलीत कोंडले गेले होते, यार. एकदा चादर बदलताना तोंडातून गेलंच, तुम्ही सुटाल तेव्हाच मी सुटेन. बोलले आणि जीभ झडावी असं झालं.

गेल्या मे महिन्यात गावाहून दादा आला, माझा मोठा भाऊ. बाबांना न्यायला गाडीच घेऊन आलेला. गावी वहिनी आहे, अंगणात बसवता येईल, तू पण जरा मोकळी हो गं, म्हणाला. पण जबरदस्ती नको, बाबा हो म्हणाले तरच. पुण्याची जागा पुन्हा निघाली होती. मी मनातल्या मनात बॅग भरून बसले.

दादाने त्यांचा हात धरला. "बाबांनू, येतास काय माझ्यावांगडा गावाक?"

बाबांनी त्याच्याकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघून, दम घेत घेत म्हणाले, "जनावर गाव. तू हूट."

मी गावी जातो. तू सूट. मला लख्ख कळलं.

दादा हसला आणि मला विचारलं, "मागल्या दारी जनावरां फिरतत म्हणान भियतत काय गो?"

"हो रे," मी म्हटलं. "घाबरतात. नको म्हणतायत."

का म्हटलं? गावात त्यांचं बोलणं कळणार कोणाला, हे एक. ते खरंच आहे. पण मला रागही आला. सहा वर्षं मी या माणसाचं सगळं केलं, आणि माझ्यावाचून चालेल हे त्याने चार शब्दांत सांगून टाकलं. सुटायचं होतं मला, पण असं कोणी सोडून दिल्यासारखं नाही.

दादा दुसऱ्या दिवशी एकटाच परत गेला.

बाबांची वाचा गेली होती, कान शाबूत होते. त्या दिवसापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. नवा झटका वगैरे काही नाही, असं डॉक्टर म्हणाले. परवा शेजारीण आली, तर तिला म्हणाले, जनावर पाणी. तिला बिचारीला काय कळणार! मी पेला भरून त्यांच्या तोंडाशी नेला. त्यांनी ओठ मिटून घेतले आणि तिच्याकडेच बघत राहिले.