टिकलीखालचं पांढरं

उंद्रीच्या मंजुळाबाईचं कपाळ म्हणजे तिच्या दुकानाची पाटी. आठवडी बाजारात ती ताडपत्रीवर कटलरी मांडायची. कडेनं बांगड्या, पिना, रबरं, आणि मधोमध टिकल्यांची पाकिटं. गिऱ्हाईक आलं की ती काही बोलायची नाही, नुसती मान वर करायची. बाया म्हणायच्या, "तुमच्या कपाळावर हाये ना, तश्शीच द्या." मग घासाघीस सुरू झाली की मात्र तिचा आवाज भजेवाल्याच्या कढईपर्यंत जायचा, "नाही बाप्पा, नाही परवडत! चोरून आणते काय मी?" मागं नवरा शालिग्राम गाठोड्याला टेकून बसलेला. बायकोच्या प्रत्येक वाक्याला तो होकाराचं "हाव" म्हणायचा. जन्मभरात दुसरा शब्द त्यानं फारसा वापरलाच नव्हता.

आधी कपाळाला नुसती खाज सुटायची. घामानं असेल, म्हणून तिनं लक्ष दिलं नाही. मग एका सकाळी तोंड धुऊन आरशात पाहिलं, तर टिकलीच्या जागी मुगाच्या डाळीएवढा पांढरा ठिपका. तिनं बोट ओलं करून घासला. टॉवेलानं घासला. ठिपका तिथंच.

टिकली लावली की तो झाकायचा, म्हणून तिनं टिकली लावली. काही दिवसांनी तो कडेनं डोकावला, तेव्हा तिनं त्याहून मोठी लावली. अशी टिकली वाढत गेली आणि खालचा ठिपकाही वाढत गेला. पूर्वी रात्री निजताना ती टिकली काढून आरशाला चिकटवायची. आता निजतानाही काढेना. बाजारातल्या बायांना वाटलं फॅशन बदलली. "मोठ्ठीच द्या बरं का, तुमच्यासारखी!" मोठ्या टिकल्यांचा खप असा वाढला की बस. आणि मंजुळाबाई पाकिटं देता देता मनातल्या मनात रडायची. एक शब्द तिच्या जिभेवर येऊन बसला होता, कोड, आणि तो ती मनातही पुरता उच्चारत नव्हती. कारण लेकीची सोयरीक जमली होती.

सोयरीक जमली तीही या ताडपत्रीवरच. मोताळ्याच्या पुष्पाबाई दर बाजाराला टिकल्या घ्यायला यायच्या. एकदा त्यांनी हिशोब करणारी प्राची पाहिली आणि म्हणाल्या, "पोरगी कोनाची हो? आमच्या शेखरले पाह्यची काय?" शेखर कृषी केंद्रात कामाला. पोरगं सरळ, घर बरं. साक्षगंधाचा, म्हणजे साखरपुड्याचा, दिवस ठरला. आता तिकडच्या कोणी म्हटलं, की पोरीच्या मायले पांढरे डाग हायेत, तर पोरीला पुन्हा कोण विचारणार?

शेवटी ठिपका एकीला दिसलाच. मंजुळाबाई टिकली काढून न्हात असताना शेजारची चांगुणा पाणी मागायला आत आली आणि दारातच थांबली.

"अवं माय! हे काय वं मंजुळे?"

"हळू बोल ना! दार लाव."

चांगुणानं दार लावलं आणि आवाज इतका हळू केला की गल्लीतलं कुत्रं उठून बसलं. "आंबट खाते का तू? दुधावर मासोळी खाल्ली का? नाही? मंग बावचीचं तेल लाव अन् उन्हात बस. माह्या जावेच्या भावाले असा गुण आला, असा!"

मंजुळाबाई परसात उन्हात बसली. गुण असा आला की संध्याकाळी कपाळावर फोड उठला. फोड फुटला तेव्हा प्राचीनं पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी आईला एसटीत घालून बुलडाण्याला नेलं. शालिग्राम "हाव" म्हणत मागून निघाला.

कातडीच्या डॉक्टर अर्पिता मॅडम पुण्याकडच्या. बोलणं असं, की प्रत्येक वाक्याला इस्त्री केलेली. "काकू, अजिबात घाबरायचं नाही हं. टिकली रोज इथेच लावता का?"

"मंग कुठं लावू मॅडम, पाठीवर?"

मॅडम हसल्या, पण भिंग लावून बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "काही जणींना टिकलीच्या गोंदातलं रसायन सोसत नाही. कातडीला रंग देणाऱ्या पेशी त्यानं मरतात. सगळ्यांना होत नाही. तुम्हाला झालंय."

"म्हणजे... कोड नाही?" शब्द शेवटी बाहेर पडला.

"सध्या तरी फक्त गोंदाच्या जागी आहे. दुसरीकडे कुठे दिसलं तर लगेच यायचं. आणि टिकलीनं झालेलं लेकीला होत नाही. आता बावची बंद, भाजलंय तुम्हाला. आधी जखम भरू दे, मग मलम देईन. रंग यायला महिने लागतात. काहींना पूर्ण येत नाही, तेही आत्ताच सांगते. पण टिकली कायमची सोडायची."

"अन् कुंकू?"

"कातडी बरी होईपर्यंत तेही नको."

मंजुळाबाईनं दाराकडं बोट दाखवलं. "मॅडम, माहा नवरा बाहेर बाकड्यावर बसला हाये. धडधाकट हाये. केळं खाऊन राह्यला. त्याच्या बाजूनं मी मोकळ्या कपाळानं चालत जाऊ?"

मॅडमनी पुढच्या वेळेची तारीख चिठ्ठीवर लिहिली.

घरी येऊन तिनं गाठोड्यातली सगळ्यात मोठी टिकली काढली आणि ओल्या जखमेवर दाबून बसवली. डोळ्यांतून पाणी आलं.

"आई! मॅडमनं काय सांगतलं?"

"मॅडमची लेक देऊन राह्यलो का आपण? एवढं साक्षगंध होऊ दे. मंग काढते."

साक्षगंधाला मोताळ्याहून गाडी भरून पाहुणे आले. पुरुष मांडवात, बाया आतल्या खोलीत. पुष्पाबाई कुंकवाचा करंडा घेऊन मंजुळाबाईसमोर बसल्या आणि अंगठा उचलून थांबल्या.

"अवं माय! कुंकवाले जागाच नाही ठेवली विहीणबाई तुम्ही. हे काय बैलगाडीचं चाक लावलं? काढा बरं!"

बाया खिदळल्या. मंजुळाबाईही हसली. हसता हसता तिनं टिकलीवर बोट दाबून धरलं. "राहू द्या ना. खालून लावा थोडंसं."

"खालून काय, नाकाले?" आणि लेकराच्या नाकाचा शेंबूड पुसावा इतक्या सहज पुष्पाबाईंनी नखानं टिकली उपटली. टिकलीसंगं सालटंही निघालं.

बाया माना उंचावून पाहायला लागल्या.

मंजुळाबाईनं लय दिवस थापा जमवून ठेवल्या होत्या. तव्याचा चटका, गरम तेल, पाल चाटली. एकही आठवेना. ती घाईघाईनं बोलत सुटली, "टिकलीनं झालं हो. गोंदानं. डॉक्टरीण म्हणली, लेकीले होत नाही. खोटं वाटत असंन तर बुलडाण्याले चाला, विचारा. मोडायचं असंन तर मोडा, पण मायमुळं मोडलं म्हणा. माह्या पोरीत खोट हाये असं म्हणू नका."

पुष्पाबाई हलल्या. सरकून त्यांनी बायांकडं पाठ केली, म्हणजे मंजुळाबाईचं कपाळ कोणाला दिसेना. तोंड अगदी जवळ आणलं.

"आधी खाजत होतं का?"

"हाव."

"लय?"

"झोप येत नव्हती."

तेव्हा मंजुळाबाईनं विहिणीकडं नीट पाहिलं. पुष्पाबाईंच्या कपाळावर मरून टिकली होती. तिच्याच दुकानातली, मागल्या बाजारात "जरा मोठी द्या" म्हणून नेलेली. तिच्या कडेनं बारीक पांढरी कोर निघाली होती.

पुष्पाबाईंनी कुंकवाचा अंगठा तिच्या भांगात टेकवला आणि वळून ओरडल्या, "पाहून काय राह्यल्या वं? कुंकू लागलं! ओटी आणा!" साक्षगंध झालं. निघताना गाडीत चढता चढता त्या पुटपुटल्या, "मलेही ने त्या डॉक्टरणीकडं. शेखरच्या बापाले सांगू नको." मंजुळाबाईला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण ती मनात विकलेली पाकिटं मोजायला लागली. तिच्या हातानं असल्या किती कपाळांवर टिकल्या गेल्या असतील?

पुढल्या बाजारी ती मोकळ्या कपाळानं बसली. बांगड्या मधोमध मांडल्या आणि टिकल्यांची पाकिटं गाठोड्यातच ठेवली. ती विकल्याशिवाय लग्नाचा खर्च निघत नव्हता, आणि विकायला हात उठत नव्हता. एक जुनं गिऱ्हाईक आलं, सवयीनं तिच्या कपाळाकडं पाहिलं आणि तोंडाला पदर लावला.

"माय माय! मावशी, कवा गेले हो काका?"

मंजुळाबाईनं तोंड उघडलं, तेवढ्यात मागून गाठोड्याला टेकलेला शालिग्राम नेमानं म्हणाला,

"हाव."