हे पानी माझं नाय

मला लोकांचा राग पटकन येतो आणि गॅरेजवाल्यांचा तर दारातच येतो. बावीस वर्षं मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते आहे. उष्णतेचा धडा मला झोपेतून उठवलं तरी शिकवता येईल. त्यामुळे एखादा मेकॅनिक मला "म्याडम, इंजन गरम होतंय" असं समजावू लागला की इंजिनाआधी माझं डोकं तापतं. पुंडलिकभाऊंशी माझं जमलं, कारण त्यांच्यापुढे माझी बडबड चालतच नाही. त्यांना ऐकू येत नाही.

वाळूजच्या एका कारखान्यात प्रेस शॉपमध्ये त्यांनी सव्वीस वर्षं काढली. दिवसभर पत्र्यावर घाव पडायचे. चाळिशीत उजवा कान गेला, पन्नाशीच्या आत डावा. मग त्यांनी बजाजनगरात घराच्या पुढच्या खोलीला शटर लावून गॅरेज टाकलं. बहिरा माणूस गाड्या काय दुरुस्त करणार, असं सगळ्यांना वाटलं. मलाही वाटलं होतं. तिथली पद्धत अशी की गाडी न्यायची आणि बॉनेटवरच्या धुळीत बोटानं तक्रार लिहायची. बजाजनगरात धुळीला तोटा नाही. भाऊ ती वाचतात, गाडी सुरू करतात आणि तिच्यावर हात ठेवतात. बाकीचे ज्या आवाजाला कान लावतात, तो यांच्या तळव्याला लागतो. बेअरिंग गेलंय की बेल्ट सैल झालाय, हे ते डोळे मिटून सांगतात. काम झालं की फडकं मारून तक्रार पुसून टाकतात.

एप्रिलमध्ये माझ्या गाडीचा रेडिएटर गळायला लागला. भाऊंनी नवा बसवला, त्यात इंजिन गार ठेवणारं हिरवं कूलंट भरलं आणि दोन दिवस गाडी छान चालली. तिसऱ्या दिवशी गारखेड्यात आमच्याकडे आठ दिवसांनी नळाला पाणी आलं. नळाचा दिवस म्हणजे आमच्या घरात बाबांचा दिवस. माझे बाबा रामकिसन, लासूर स्टेशनची शेती भावाच्या हवाली करून दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे राहायला आले. नळाच्या दिवशी ते पहाटेपासून हंडे, पिंपं, बादल्या, कूलर, सगळं शिळं पाणी ओतून देतात आणि ताजं भरतात. त्यांच्या हातून एक तांब्या सुटत नाही. त्या गडबडीतून वाट काढत मी कॉलेजला निघाले, आणि रेल्वे स्टेशनजवळच्या उड्डाणपुलावर गाडीचा तापमानाचा काटा लाल रेषेला जाऊन टेकला.

जवळच्या एका गॅरेजवाल्यानं रेडिएटरशेजारच्या, जादा कूलंटच्या बाटलीत डोकावून पाहिलं. बाटली हिरव्या कूलंटनं भरलेली होती.

"पानी फुल हाय म्याडम. म्हंजे इंजन खोलावं लागंल. रेडिएटर बसवला कुनी? त्या बहिऱ्यानं? अवो, त्याच्याकडं कशाला गेलते तुमी?"

मला भांडायला कुणीतरी हवंच होतं. दर दोन किलोमीटरला थांबत, गाडी गार करत मी बजाजनगर गाठलं आणि बॉनेटवर रागानं लिहिलं, "गाडी तापते. तुमचं काम."

भाऊंनी ते दोनदा वाचलं. एरवी ते लगेच बॉनेट उघडतात. त्या दिवशी स्टुलावर बसले.

"कान गेले तवा रडलो नाय म्याडम. हात हायेत म्हनलं," ते नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाले. "आमचा पोरगा इंद्रजीत पुन्याला बोलावतोय. बास करा म्हनतो, वय झालं. त्याला मी सबूद दिलाय. माझ्या हातून पयली चूक झाली की शटर खाली. गाडी ऱ्हाऊ द्या रातभर. गरम गाडीचं झाकन उघडायचं नसतंय. सकाळी बघू."

मी इतकी चिडले होते की त्यांचं हे बोलणं मी कानाआडच केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबाही बरोबर आले.

"त्या बहिऱ्याला दोन शब्द सुनावतो," ते रिक्षात म्हणाले.

"बाबा, त्याला ऐकू येत नाही."

"मंग हातवारे करून सुनावतो!"

भाऊंनी गार गाडी सुरू केली. एक तळवा रेडिएटरच्या वरच्या पाइपवर ठेवला, दुसरा खालच्या पाइपवर, आणि डोळे मिटले. वरचा पाइप तापत गेला तसा त्यांनी तो हात उचलला. खालचा पाइप गारच होता, तो हात तसाच राहिला. मग त्यांनी मला गाडीतला हीटर लावायला खुणावलं. इंजिन तापलं होतं, तरी हीटरमधून गार वारा आला.

"आत हवा बसलीय," ते म्हणाले. "पानी फिरतच नाय. हवा वाट आडवून बसली की आसंच व्हतंय." त्यांनी इंजिन बंद केलं. "भरताना मीच ठिवली आसंल. माझीच चूक म्हनायची."

त्यांच्यावर आळ घ्यायला मी आले होते आणि त्यांनी तो स्वतःच स्वतःवर घेतला. मला काही ते बरं वाटलं नाही.

इंजिन गार व्हायला तास-दीड तास लागणार होता. तेवढ्या वेळात भाऊंनी भिंतीवरच्या खिळ्यांना टांगलेले पाने एकेक करून खाली काढले, रॉकेलच्या फडक्यानं पुसले आणि गोणीत ठेवले. घाई नाही, आदळआपट नाही. बाबा चहाचा कप हातात धरून बघत राहिले. त्यांचे हातवारे कुठल्या कुठे गेले होते.

गाडी पुरती गार झाल्यावर भाऊंनी रेडिएटरचं झाकण काढलं. आत दोन बोटं बुडवली आणि अंगठ्यावर चोळली. थांबले. पुन्हा बुडवली, पुन्हा चोळली.

"हे पानी माझं नाय."

मी वाकले. पाणी जेमतेम हिरवट दिसत होतं.

"कूलंट बोटाला बुळबुळीत लागतंय. हे नळाचं हाय. कुनीतरी बदललंय."

मी बाबांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पडला होता.

"गाडीतलं पानी हिरवं झालं व्हतं गं," बाबा हळूच म्हणाले. "पिंपातलं आठ दिसांत व्हतं ना, तसंच. मला वाटलं शेवाळलं. ट्रॅक्टरला आपुन काय करतो? खालची तोटी सोडायची, शिळं काढायचं, ताजं भरायचं. नळ आलाच व्हता. गाळून भरलं की मी. बाटलीतलं तेवढं ऱ्हायलं."

मला त्यांच्यावर ओरडता येईना. त्यांनी माझ्या गाडीला ताजं पाणी पाजलं होतं.

बॉनेट उघडं होतं, म्हणून बाबा गाडीच्या मागे गेले. डिकीवरच्या धुळीत त्यांनी मोठ्या, वाकड्या अक्षरांत लिहिलं, "पाणी मी बदललं. चूक माझी." मग भाऊंना बाही धरून मागे नेलं.

भाऊंनी वाचलं. दोन्ही हात डिकीवर टेकवून ते खाली मान घालून उभे राहिले. सहा फुटी माणूस, पण त्याचे खांदे हलत होते. मी पटकन मोबाइल काढला. हा फोटो इंद्रजीतला गेला म्हणजे प्रश्नच मिटला, असं मला वाटलं. पण भाऊंनी माझ्याकडे बघितलं आणि फडकं मारून अक्षरं पुसून टाकली.

"पाव्हन्यांची चूक कशाला धाडायची कुनाला?"

मग ते कामाला लागले. शटरपुढच्या चढावर गाडी तोंड वर करून उभी केली, सगळं पाणी काढलं आणि नवं कूलंट धारेनं, अगदी सावकाश भरत गेले. मधेच पाइप दाबायचे, सोडायचे. गाडी सुरू केल्यावर कूलंटमधून बुडबुडे वर येऊ लागले. आधी मोठे, मग बारीक, मग एकही नाही. त्यांनी झाकण लावलं, माझा हात धरला आणि खालच्या पाइपवर ठेवला. पाइप गार होता. त्यांनी बॉनेटच्या कडेवर स्वतःचा तळवा टेकवला आणि डोळे मिटले.

"आता येतंय बघा."

मला इंजिनाखेरीज कसलाच आवाज आला नाही. पाच-सहा सेकंद गेले असतील. आणि माझ्या तळव्याखालून ऊब सरकत आली. पाणी तापल्यावर उघडणारी आतली झडप उघडली होती, कूलंट फिरायला लागलं होतं, आणि ते या माणसाला माझ्या आधी, पाइपला हातही न लावता कळलं होतं. बावीस वर्षं मी फळ्यावर उष्णतेचे बाण काढले. ती येताना कशी लागते, हे मला ठाऊकच नव्हतं. मी हात काढायला तयार नव्हते. शेवटी पाइप चटका देऊ लागला तेव्हा भाऊंनीच माझा हात बाजूला केला.

मागे बाबा गोणीतले पाने काढून भिंतीच्या खिळ्यांना टांगत होते, एकही जागच्या जागी नाही. ते पाहून भाऊ माझ्याकडे वळले.

"म्याडम, इंद्रजीतला मोबाइलवर लिहा."

मी गाडीच्या दारावरच्या धुळीत लिहून विचारलं, "काय लिहू?"

भाऊंनी दोन्ही तळवे फडक्याला पुसले, उलटसुलट करून बघितले.

"लिहा, हात आजून चांगला हाय."