धाकट्याचा फोल्डर

मिरचीवर पाणी जास्त मारलेलं दिसलं की माझं तोंड गप्प बसत नाही. त्या दिवशी तोंडाऐवजी अंगठा चालला, एवढाच फरक. धाकट्या भावाने टाकलेल्या फोटोखाली मी सवयीने लिहून मोकळा झालो : ‘पानी जास्त व्हई गयं रे. माल काळा पडी जाई.’ लिहिलं, पाठवलं, चहाचा घोट घेतला आणि मग आठवलं की आम्ही दोघं दसऱ्यापासून एकमेकांशी बोलत नाही, आणि त्याचे फोटो मी अजून पाहतोय हे कुणाला कळू द्यायचं नव्हतं.

नंदुरबारात आमचा मिरचीचा धंदा वडलांपासूनचा. गावाबाहेर मोकळ्या रानात ओली लाल मिरची वाळायला पसरतात, तिला आम्ही पथारी म्हणतो. वाळलेली मिरची भरताना तुटू नये म्हणून तिच्यावर थोडं पाणी मारतात. धाकटा पथारीवर, मी बाजारातल्या ऑफिसात पंख्याखाली. वाटणी अशी का, तर उन्हात माझं डोकं दुखतं आणि गिऱ्हाइकासमोर त्याचं तोंड उघडत नाही. तो रोज सकाळी मालाचे फोटो पाठवायचा, मी ते सुरतेच्या व्यापाऱ्यांना दाखवून भाव बोलायचो.

पुढे आमचे फोटो आणि भाव दुसऱ्या व्यापाऱ्यांच्या फोनवर फिरू लागले, तेव्हा पुतण्याने धंद्यासाठी फोनवरची एक कुलूपबंद साठवण आणली आणि तीत पथारीच्या फोटोंचा एक फोल्डर केला. फाईल फोनमधून निघतानाच कुलूप लावून निघते आणि ज्याला किल्ली दिली त्याच्याकडेच उघडते. ठेवून घेणाऱ्या कंपनीलाही आत काय आहे ते दिसत नाही.

“म्हणजे ज्याच्या घरात ठेवतो, त्यालाच ठाऊक नाही काय ठेवलंय?” मी विचारलं. “मग भाडं कशाचं घेतो?”

“न बघायचंच भाडं आहे, मोठे बाबा.”

धाकटा हसला होता. तो फार हसत नाही, म्हणून लक्षात आहे.

गेल्या दसऱ्याला आम्ही वेगळे झालो. पुतण्याला मिरचीची पूड करून पाकिटं विकायची होती, मला अख्खी मिरची सोडायची नव्हती. मी मोठा म्हणून माझंच खरं, असं मला वाटलं. तसं ते मला लहानपणापासून वाटत आलंय. गोदामं वाटली, वजनकाटे वाटले, हमालसुद्धा वाटले गेले. पण त्या फोल्डरमधून माझं नाव काढायचं कुणाच्या ध्यानात राहिलं नाही.

मी काही सांगायला गेलो नाही. सकाळी अंघोळ झाली की देवाआधी फोन. घरात सगळ्यांना वाटायचं, मी बाजारभाव बघतो. फोटोत असायचं काय? मिरची. पण धाकटा सूर्याकडे पाठ करून फोटो काढतो, किती वेळा सांगितलं तरी तसाच काढतो. त्यामुळे प्रत्येक फोटोत मिरचीवर त्याची लांब सावली पडलेली. पूर्वी या सावलीवरून मी त्याला किती बोलायचो. आता मिरचीकडे माझं लक्षच नसायचं. सावलीला टोपी आहे, म्हणजे थंडी वाजतेय. सावली एका अंगाला कलली आहे, म्हणजे गुडघा पुन्हा धरलाय. संक्रांतीच्या पुढेमागे सावलीच्या हातात काठी आली. मी फोटो बोटांनी मोठा करकरून पाहिला. काठीच होती. त्याला विचारायचं कसं? शेजारच्या व्यापाऱ्याला म्हणालो, “आमचा धाकटा कसा शे?” तो म्हणाला, “तुमचा भाऊ, आणि मला विचारता?”

तर असा चोरून मिळणारा माझा भाऊ मी एका ओळीने घालवला. दुसऱ्या दिवशी सकाळी फोल्डर उघडला तर पांढऱ्या पडद्यावर लिहिलेलं, ‘तुम्हाला येथे प्रवेश नाही.’ मी चष्मा पुसला. फोन बंद करून चालू केला. जुने फोटो माझ्याच फोनमध्ये उतरवून ठेवले होते, तेही उघडेनात. किल्ली काढून घेतली की सगळंच मिटतं.

कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावला. पलीकडची मुलगी फार गोड बोलली.

“सर, आम्हाला फाईल दिसत नाहीत. ज्यांचा फोल्डर आहे त्यांच्याकडेच परवानगी मागावी लागेल.”

“माझ्या सख्ख्या भावाचा आहे हो.”

“मग तर सोपं आहे, सर.”

तिचं काय चुकलं? पडद्यावर खाली ‘परवानगी मागा’ असं बटण होतं, सोबत चार शब्द लिहायला जागा. मी लिहिलं, ‘तुझा गुडघा कसा आहे?’ पण फोल्डर पुतण्याने केलेला, ती विनंती आधी त्याच्याच फोनवर जाणार. पोराच्या हातून बापाची खुशाली मागायची? पुसलं. ‘चुकून लिहिलं गेलं’ असं लिहिलं. तेही पुसलं. सुरतेच्या शेटजींशी तासभर बोलणारा मी, माझ्याकडून चार शब्द होईनात. फोन उशाशी ठेवून भर सकाळी भिंतीकडे तोंड करून पडलो.

बायको आत आली. तिला सगळं सांगितलं. फोटो, सावली, काठी, कुलूप. ती खाटेच्या कडेला बसून ऐकत राहिली. मला वाटलं, आता हसेल.

“भाऊजी आता पाकिटं विकतात,” ती म्हणाली. “पाकिटं घेणारा कधी पथारीचे फोटो मागतो का? मग कोनासाठे टाकेत ते रोज? तुम्हले काय वाटनं?”

मी भिंतीकडून तिच्याकडे वळलो.

“नाव पोरानं काढलं असेल. भाऊजींना ठाऊकही नसेल,” ती उठता उठता म्हणाली. “आजचा टाकला असेल त्यांनी. आणि बसले असतील, तुम्ही पाण्याचं काही बोलता का ते बघत.”