आजीच्या बाथरूमला कुलूप

आज माझं डोकं फिरलंय, म्हणून इथे लिहितेय.

शहापूरला मी इंटिरियर डिझाइन शिकवते. म्हाताऱ्या माणसांसाठी घर कसं असावं, हे शिकवताना दरवेळी स्नेहलचं काम दाखवते. माझी लाडकी विद्यार्थिनी. म्हसा गावातल्या आपल्या घरी तिने आजीसाठी बाथरूम केलं. पाय न घसरणारी लादी, कमोडशेजारी भिंतीला दांडा आणि तो धरून हसणारी आजी, असे फोटो आहेत.

आज नव्या मुलांना घेऊन थेट तिच्या घरी गेले. बाथरूमला कुलूप. आजी काठी टेकत घरामागच्या जुन्या संडासाकडे निघालेली.

"पावण्यांसाठी ठेवलाय मॅडम," स्नेहलची आई म्हणाली. "जत्रेला माणसं येतात ना, तवा उघडतो."

मी स्नेहलकडे पाहिलं.

"आजीला फोटोपुरतंच आत नेलं होतं, मॅडम," ती सहज म्हणाली.

तेच फोटो दाखवून मी इतक्या मुलांना शिकवलं आणि ही एका शब्दाने बोलली नाही. तुम्ही असतात तर तिला काय म्हणाला असतात?

निघताना आजीने मला हाक मारली. "लांब जायचंय ना गो तुला? चावी घे, जाऊन ये. तू पावणी."