थोरल्या दिरांच्या तोंडची माझी मतं

माझे थोरले दीर माझ्याशी कधी बोलत नसत. भांडण होतं म्हणून नव्हे, त्यांच्या घरातली रीतच तशी. थोरल्या दिरानं धाकट्या भावजयीशी समोरासमोर बोलायचं नाही. चहा हवा असला की ते माझ्या जावेला म्हणायचे, "चहा टाकायला सांगा," आणि मी तिथंच, दोन हातांच्या अंतरावर उभी असायचे. लग्नानंतरची पहिली काही वर्षं मला हे सोयीचंच वाटलं. बोलतच नाहीत म्हटल्यावर उत्तरं तरी द्यावी लागत नाहीत.

घर धायरीतलं. पूर्वी तिथं यांची शेती होती. आता त्या जागेवर सहा मजली इमारत आहे आणि जमिनीच्या बदल्यात बिल्डरनं दिलेले दोन फ्लॅट मधली भिंत पाडून आम्ही एक केलेत. शेती गेल्यापासून दिरांना फारसं काम उरलं नाही. माझा नवरा खराडीला सॉफ्टवेअर कंपनीत आहे, साडेसातला घर सोडतो. मी घरीच आठवी ते दहावीच्या गणिताच्या शिकवण्या घेते.

मी मूळची खडकीची. वडील दारूगोळ्याच्या कारखान्यात होते, तिथल्या क्वार्टरमध्ये मी वाढले. शेजारी एक ख्रिस्ती फोरमन राहायचे. त्यांच्याकडे मोठा टेपरेकॉर्डर होता आणि दोन खोकी भरून इंग्रजी कॅसेट. रविवारी दुपारी ते दार उघडं टाकून रॉक लावायचे. क्वार्टरमधल्या बायका नाकं मुरडायच्या, आणि मी त्यांच्या मुलीबरोबर अभ्यास करायच्या निमित्तानं आत जाऊन बसायचे. सगळे गाणारा ऐकतात, तू खालचा बेस, जाड तारांच्या गिटारचा तो घुमणारा सूर, ऐक, असं त्यांनी मला सांगितलं होतं. महिनाभर मला तो सापडेचना. मग एका दुपारी सापडला, आणि त्या दिवसापासून मला दुसरं काही ऐकूच येईना.

हे सांगायचं कारण एवढंच, की मला मतं होती. बडवणाऱ्या ड्रमरपेक्षा योग्य जागी हात आवरणारा ड्रमर मोठा. लांब केस सोडून पाच-पाच मिनिटं गिटार वाजवणाऱ्यांतल्या निम्म्यांना गाणं संपवायचं कुठं ते कळत नाही. सिनेमातला नट बघायचा असेल तर समोरचा बोलत असताना बघावा. स्वतःचं वाक्य काय, कुणीही म्हणतं. राजकारणाबद्दलही होती, आणि ती फारशी सभ्य नव्हती.

ही मतं मी सकाळी पोळ्या लाटताना नवऱ्यापुढं मांडायचे. डबा भरून होईपर्यंत तो ओट्याला टेकून उभा राहायचा, ऐकायचा, हसायचा. दिवसातली ती वीस मिनिटं मला फार आवडायची. पलीकडच्या बैठकीच्या खोलीत दीर पेपर वाचत असायचे. ते त्या वीस मिनिटांत एकही पान उलटत नाहीत, हे माझ्या लक्षात यायला काही वर्षं जावी लागली.

रविवारी सकाळी दिरांची मंडळी जमायची. एक निवृत्त शिक्षक, एक हार्डवेअरच्या दुकानाचे मालक, जावेचा धाकटा भाऊ, अजून दोघं-तिघं. एका रविवारी मी पोहे घेऊन गेले तेव्हा दीर सांगत होते, "नट बघायचा तर समोरचा बोलत असताना बघावा. स्वतःचं वाक्य काय, कुणीही म्हणतं." शिक्षकांनी "वा" म्हणून मान डोलावली. मी बशा ठेवल्या आणि आत आले. खरं सांगायचं तर त्या दिवशी मला राग आला नाही. गुदगुल्या झाल्या. माझं वाक्य बाहेर जाऊन "वा" मिळवून आलं होतं.

मग पुतणीनं, म्हणजे दिरांच्या मुलीनं, त्यांचे व्हिडिओ करायला सुरुवात केली. ती कॉलेजात असलंच काहीतरी शिकत होती आणि तिला प्रोजेक्टसाठी माणूस हवा होता. हातात चहाचा कप, मागं बाल्कनीतली तुळस, आणि तीन मिनिटांत एखाद्या गोष्टीवर सडेतोड मत. रॉक बँडवर, साठीला आलेल्या नायकांनी कॉलेजकुमार व्हावं का यावर, पक्ष बदलणाऱ्यांवर. घरात दीर "हाय" आणि "न्हाय" म्हणायचे, कॅमेऱ्यासमोर "आहे" आणि "नाही". बघता बघता लोक त्यांना ओळखायला लागले. बँकेत एका मुलीनं त्यांच्याबरोबर फोटो काढून घेतला. व्हिडिओखाली कुणीतरी लिहिलं होतं, "काका, तुम्ही किती बारकाईनं ऐकता." ते मी दोनदा वाचलं. खोटं नव्हतं ते. बारकाईनं ऐकत होतेच.

तोपर्यंत मी गप्प बसले. राग आला तो एका वेगळ्या रविवारी.

त्या दिवशी घरात दहा-बारा माणसं होती, नवराही घरी होता. एका जुन्या इंग्रजी गाण्याचा विषय निघाला. त्यातली गाजलेली गिटार बँडच्या मुख्य वादकानं वाजवली, असं दीर छातीठोकपणे सांगत होते. तसं नव्हतं. रेकॉर्डिंगच्या दिवशी तो आजारी होता आणि स्टुडिओतल्या दुसऱ्याच एका माणसानं ती वाजवली, हे मला फोरमनकाकांनी सांगितलेलं. शिक्षकांनी सहज माझ्याकडं बघून विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?" मी सांगितलं. दोन वाक्यांत, हळू आवाजात.

दिरांनी माझ्याकडं बघितलंही नाही. जावेला म्हणाले, "सांगा त्यास्नी, आत भाकरी करपाय लागलीय."

सगळे हसले. शिक्षकही जरा हसले. माझा नवराही हसला. बाकीच्यांचं मी समजू शकते. पण ओट्याला टेकून रोज ऐकणारा माणूस हसला. भाकरी करपत नव्हती. मी आत जाऊन तवा उतरवला आणि गॅस बंद केला.

चार दिवसांनी नवा व्हिडिओ आला. त्या गाण्यातली गिटार खरी कुणी वाजवली, लोकांना ठाऊक नसलेली गोष्ट. पुतणीनं मला दाखवला. तिचा चेहरा अवघडलेला होता.

"काकू, पप्पांचा सगळा कंटेंट तुझाच आहे ना?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, शिकवणीची मुलं येतील, फळा पुसून ठेव.

दुसऱ्या दिवसापासून मी सकाळी बोलणं बंद केलं. म्हणजे बोलत होते, पण पीठ संपत आलंय, गॅसचा नंबर लावायचाय, दुधाची पिशवी फाटकी आली, एवढंच. नवऱ्यानं दोन-तीनदा विचारलं, काय झालं. काही नाही, म्हटलं. पलीकडं पेपरची पानं पहिल्यांदाच भराभर उलटल्याचा आवाज यायला लागला.

दोन आठवडे दिरांनी जुन्याच गोष्टी फिरवून सांगितल्या. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी स्वतःचं पहिलं मत दिलं, की ज्याला गिटार जमत नाही तो बेस वाजवतो. त्या व्हिडिओखाली लोकांनी त्यांची अशी काही सालं काढली, की मी शिकवणी दहा मिनिटं उशिरा सुरू केली. सगळं वाचून काढलं. मग ते सकाळी खुर्ची स्वयंपाकघराच्या दाराजवळ ओढून बसायला लागले. उजेड चांगला येतो, असं जावेला सांगितलं म्हणे. माणूस दाराशी बसून माझ्या तोंडाकडं कान लावून आहे आणि मी कणीक मळत गप्प आहे, हे सुख मी सहा आठवडे पुरवून पुरवून घेतलं.

तेवढ्यात महापालिकेची निवडणूक आली. आमच्या भागातून जावेचा भाऊ उभा राहिला. रविवारी सकाळी मंगल कार्यालयात उमेदवारांना प्रश्न विचारण्याचा कार्यक्रम ठरला आणि प्रश्न विचारायला आयोजकांनी दिरांना बोलावलं, सडेतोड माणूस म्हणून. वरून ते तटस्थ राहणार होते आणि आतून मेहुण्याला सांभाळून घेणार होते. घरात सगळ्यांना हे माहीत होतं.

आदल्या आठवड्यात भाजी घेऊन येताना मी कार्यालयासमोर मेहुण्यांचा फ्लेक्स बघितला होता. मी उभी राहून चेहरे मोजले. वरची नेतेमंडळी, खालचे शुभेच्छुक, सगळे मिळून एकोणीस, आणि एका कोपऱ्यात हात जोडलेले ते स्वतः.

गुरुवारी सकाळी मी नवऱ्याशी पुन्हा बोलले. पोळी लाटत, नेहमीच्या आवाजात. "ज्याच्या फ्लेक्सवर स्वतःपेक्षा दुसऱ्यांचीच तोंडं जास्त, त्यानं मत मागायला येऊच नये. तुम्ही मत देणार त्या तोंडांना, आणि उद्या पाण्याचा टँकर मागायला गेलात तर त्यातलं एकही ओळख देणार नाही." नवरा किती दिवसांनी हसला. पलीकडं पेपर स्तब्ध होता.

मी खोटं काही बोलले नव्हते. ते माझं खरंच मत होतं, आजही आहे. फक्त ते कुणाच्या तोंडून कुणाच्या समोर बाहेर पडणार, हे मला माहीत होतं.

रविवारी कार्यालय भरलेलं होतं. मी आणि जाऊ बायकांच्या बाजूला दुसऱ्या रांगेत बसलो. दिरांनी सुरुवातीलाच हात वर करून ते वाक्य टाकलं, शब्द न् शब्द, पाण्याच्या टँकरसकट. त्यांनी ते डोक्याच्या वाटेनं जाऊ दिलंच नव्हतं, कानातून थेट जिभेवर आणलं होतं. मागच्या रांगांतून हशा सुरू झाला. दाराजवळची माणसं बाहेरच्या फ्लेक्सकडं बोट दाखवत वळली आणि मग सगळं सभागृह वळलं.

जावेचा भाऊ उठला. समोरचा माइक त्यानं शांतपणे हातात घेतला. "दाजी, बाहेर माझा फ्लेक्स हाय. माझ्याबद्दल बोलताय का?"

"तसं न्हाय," दीर म्हणाले. "आपलं सगळ्यांबद्दल."

"मग कसं? जरा समजावून सांगा की."

दिरांकडं फक्त ते वाक्य होतं, त्याच्या मागंपुढं काही नव्हतं. त्यांनी चहा नसलेला हात कप धरल्यासारखा वर केला, खाली घेतला. तीसएक मोबाइल त्यांच्याकडं रोखलेले होते. मग ते बायकांच्या बाजूला वळले, आमच्या रांगेवरून त्यांची नजर फिरली आणि माझ्यावर थांबली.

"तुम्ही सांगा की," ते माइकमध्ये म्हणाले.

सोळा वर्षांत ते माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मला सावरता आलं असतं. मेहुण्यांनी सगळ्यांना बरोबर घेतलंय, त्यांना हे लागू नाही, असं काहीतरी मला तिथल्या तिथं सुचलंही होतं. मी त्यांच्याकडं पूर्ण वेळ बघत राहिले. शेजारच्या बाईंकडून पाण्याची बाटली मागून घेतली, दोन घोट प्यायले, झाकण लावलं. तोवर ते तसेच उभे होते.

निवडणुकीत जावेचा भाऊ पडला. त्या एका वाक्यानं पडला असं मला वाटत नाही, पण त्याला तसं वाटतं. दिवाळीत भाऊबीजेला तो आला नाही. जावेनं ताम्हणात सुपारी, अक्षता, सगळं तयार ठेवलं होतं. दुपारी तिनं एकेक वस्तू उचलून डब्यात परत भरली. मी मदतीला गेले.

"तुला माहीत हुतं," ती म्हणाली.

"हो."

"माझा भाऊ हाय, ह्ये पण माहीत हुतं."

"हो."

आम्ही दोघींनी मिळून संध्याकाळचा स्वयंपाक केला. तिच्याबद्दल मला वाईट वाटतं, आणि ते जात नाही. तिनं माझं काही बिघडवलं नव्हतं. दिरांबद्दल मला वाटत नाही. पुन्हा करायची वेळ आली तर मी दुसऱ्या कुणाचा फ्लेक्स निवडेन. गावात काही कमी नव्हते.

दिरांनी चॅनल बंद केलं. रविवारची मंडळी हळूहळू पांगली. आता ते माझ्याशी थेट बोलतात, रीत त्यांनी स्वतःच माइकवर मोडली. परवा स्वयंपाकघराच्या दारात येऊन त्यांनी विचारलं, तो नवीन पिक्चर कसा हाय. बघितला नाही, म्हटलं. दोनदा बघितला होता.

पुतणी मध्यंतरी मागं लागली होती, काकू, आपण तुझं चॅनल काढू. मी नको म्हटलं. तिला वाटलं मला लाज वाटते. मला लोकांनी ओळखावं असं कधी वाटलं नव्हतं. दिरांना ती ओळख मिळू नये, एवढंच वाटत होतं.

नवरा अजून सकाळी ओट्याला टेकून उभा राहतो. परवाच्या शपथविधीबद्दल विचारलं, तुला काय वाटतं. त्या हसण्याबद्दल तो माझ्याशी एका शब्दानं बोललेला नाही, आणि मीही विचारलेलं नाही. मी झाकण लावून डबा त्याच्या हातात दिला आणि म्हटलं, आज भेंडी आहे, दुपारपर्यंत संपव.