केवड्याच्या बनातली मावशी

आज सुनेने देवापुढे केवडा ठेवला आणि मला बाई प्लेगच्या सालातला दादरचा किनारा आठवला. तेव्हा तिथे नुसतं रान. मावशीची खबर काढायला आई मला घेऊन गेली होती. बांबूंवर बोंबील वाळत होते, पण टोचायला एक कावळा नव्हता. झोपडी उघडी, आत कोणी नाही. आईने हाक मारली, तर केवड्याच्या बनातून आवाज आला.

"पुढं येऊ नको गो, मला गाठ आलीय. सरकारी माणसं धरून इस्पितळात नेतील म्हणून लपलेय."

मला वाटलं, रानच बोलतंय.

"पोरीचं तोंड इकडं कर, बघू दे एकदा."

आईने मला वळवलं. "हस गो, मावशी बघतेय."

कोणीच दिसत नव्हतं. मी त्या काट्यांकडे बघून हसले.